दिनविशेष : ४ फेब्रुवारी
उडी न मारता नाचणारे भगवानदादा

भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा, यांचे ४ फेब्रुवारी २००२ रोजी मुंबईत निधन झाले. गिरणी कामगाराचा हा मुलगा कुस्तीचा शौकीन. मूकपटांपासून सुरुवात करून ते स्टंटपटांतून पुढे आले आणि १९५१च्या ‘अलबेला’ने देशभर पोहोचले. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक ते स्वतःच. नायिका गीता बाली.

त्यांचा नाच कोणालाही जमेल असा. ना गिरकी, ना उडी. कोपरात दुमडलेले हात हलके झुलवायचे, खांदे किंचित उडवायचे, पाय जागच्या जागी तालावर सरकवायचे आणि चेहऱ्यावर मिस्कील हसू ठेवायचे. अंग स्थूल असले तरी अडत नाही, हाच त्यातला खरा दिलासा! ‘शोला जो भडके’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. आवाज लता मंगेशकर आणि चितळकर यांचे.

हे चितळकर म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणे शिकलेल्या या माणसाने पाश्चात्त्य ठेका हिंदी सिनेमात बेधडक आणला.

पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचातही दादांची ही ढब दिसली. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशावर खांदे उडवणाऱ्यांपैकी अनेकांना दादांचे नावही ठाऊक नसेल.

‘अलबेला’च्या यशानंतरचे काही चित्रपट पडले. जुहूचा बंगला, मोटारी विकाव्या लागल्या आणि दादा दादरच्या चाळीत राहायला गेले. त्यांच्यावरचा ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट २०१६मध्ये आला. भूमिका मंगेश देसाई यांची.