उपासाची पाठशाळा

आमच्या ज्ञातिमंडळाच्या अंकात पंडिता रमाबाईंचे चरित्र कशास, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी करतील. ज्ञातीच्या बंधनात निघालेली आणि तेथून बाहेर पडलेली ही बाई. म्हणूनच तिची हकीकत ज्ञातिबांधवांनी वाचावी, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, या अपराधाबद्दल पंडितमंडळींचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या अरण्यात जाऊन संसार थाटला. पुढे कर्ज झाले, घरदार गेले, आणि पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणे नशिबी आले. दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकणारेच उरले नाहीत. मोलमजुरी करावी तर कुलाभिमान आड येई, भीक मागावी तर लाज वाटे. अकरा दिवस या कुटुंबाने रानातला पाला आणि पाणी यांवर काढले. वडील गेले, मागोमाग आई गेली. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमाबाई. उंची कमी, म्हणून तिने तिरडी डोक्यावर घेतली आणि कोसाहून अधिक वाट चालली. आम्ही शाळेत मुलांकडून राजांच्या सनावळ्या घोकून घेतल्या, पण ही हकीकत एकदाही सांगितली नाही, याचा आज विषाद वाटतो.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे : कलकत्त्यास 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, १८८० साली भावाचा मृत्यू, त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी परजातीय विवाह, १८८२ साली वैधव्य, पदरी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईस शारदासदन निघाले, पुढील वर्षी ते पुण्यास गेले. १८९३ साली धर्मांतराचा गवगवा होऊन कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या विधवा मुलींना दुसरे दार कोणते होते, हे ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी सांगितले?

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला. मुले हाडांचे सापळे झाली आहेत, हे ऐकून बाई स्वतः तेथे गेल्या. ज्याने पाला खाऊन दिवस काढले, त्याला भुकेचे वर्णन वाचून भागत नाही. सुमारे तीनशे मुली त्यांनी केडगावास आणल्या. तेथे मुक्ती उभे राहिले. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, छापखाना, दुभती जनावरे, अंध मुलींचे शिक्षण, सारे तेथे चाले. कोणतेही काम हलके नाही, हा तेथील नेम. अरण्यात कुलाभिमानापायी उपाशी राहिलेल्या मुलीनेच तो घातला होता, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

उतारवयात कानांनी ऐकू येईना. तरी बाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत बसल्या. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. आईने लेकीचे दुःख गिळून उरलेले पान हाती घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला, मुक्तीतल्याच छापखान्यातून.