होड्यांचे तळ लाल का असतात?

जूनमध्ये मासेमारी बंद झाली की डहाणूच्या खाडीकाठी बोटी ओढून ठेवलेल्या दिसतात. गेल्या पावसाळ्यात तिथून जाताना माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "सर, सगळ्या बोटी खालून लालच का?" मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस. मला उत्तर येईना. त्याचे वडील तांडेल आहेत, त्यांनी हसून सांगितलं, "सर, तो रंग नाही, औषध आहे. किड्याचं."

औषध म्हणजे तांबं. त्या रंगात क्युप्रस ऑक्साइड असतं, म्हणून तो लाल. पाण्यात ते थोडं थोडं विरघळतं आणि तळाला चिकटू पाहणारे बार्नेकल, शेवाळ, लाकूड पोखरणारा टेरेडो यांना दूर ठेवतं. तळ खरखरीत झाला की बोट जड चालते, डिझेल जास्त जळतं. टेरेडो लागला तर वरून धडधाकट दिसणारी फळी आतून चाळणी झालेली असते.

तांब्याचं नाव निघालं आणि मला चिंचणीचा ताम्रपट आठवला. चिंचणी आमच्याच तालुक्यातली. तिथे मिळालेल्या शके ८४८ च्या, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. संस्कृतात त्याचं नाव 'मधुमति' लिहिलंय, म्हणजे आपला मुहम्मद. ताम्रपट देवीच्या मठाला दिलेल्या जमिनीचा आहे. त्याच ताम्रपटात या मुहम्मदने नद्यांवर फुकट तर चालवली, अन्नछत्र घातलं, असंही नोंदलंय. मुसलमान इथे कधी आणि कसे आले, असं कोणी विचारलं की मी हाच ताम्रपट सांगतो. पण त्या तरीच्या तळाला काय फासत असतील, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. दान देणाऱ्याचं नाव उरलं; दरसाल तळ खरवडणाऱ्याचं कोण लिहितो?

त्या काळी काय फासत, याचा अंदाज अरब प्रवाशांकडून येतो. अंदलुसियाचा इब्न जुबैर ११८३ मध्ये हजला जाताना तांबड्या समुद्रावरच्या ऐदाब बंदरात थांबला होता. तिथल्या काथ्याने शिवलेल्या नावांना तूप, एरंडेल किंवा शार्कचं तेल चोपडतात आणि त्यात शार्कचं तेल सर्वांत चांगलं, असं त्याने लिहून ठेवलंय. लाकूड मऊ राहावं, खडकावर आपटलं तरी तडकू नये, हा त्यामागचा हेतू. अरब गलबतांच्या तळाला, पाण्याखालच्या भागात, चुना आणि चरबी कालवून जाड लेप देण्याचीही रीत होती. किडा त्यातून सहसा आत शिरत नाही. पण लेप टिकायचा थोडे महिनेच. मग गलबत पुन्हा कोरड्यावर, पुन्हा खरवडणं. (आपला 'नाखवा' हा त्यांचाच 'नाखुदा', आणि गुजराती दर्यावर्द्यांचा 'मालम' म्हणजे 'मुअल्लिम', मास्तर! आम्हा शिक्षकांचा पूर्वी समुद्रावर एवढा मान होता.)

१७६१ मध्ये इंग्रजांनी 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडा लागला नाही, पण पत्र्याच्या संगतीत लोखंडी खिळे गंजून गेले. पुढे तांब्याचे पत्रे झिजतात म्हणून हम्फ्री डेव्हीने १८२४ च्या सुमारास त्यांना जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजणं थांबलं आणि तळाला पुन्हा बार्नेकल बसले! म्हणजे राखण करत होतं ते पाण्यात उतरणारं विष, पत्रा नव्हे.

इथेच मला सगळी गोष्ट समजली. चुना-चरबीच्या काळात किंमत माणसाच्या पाठीला मोजावी लागायची, आता ती खाडी मोजते. १९६० च्या दशकात आलेल्या ट्रायब्युटिल टिनच्या रंगाने तर हद्द केली. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची पैदास ढासळली, १९८२ मध्ये तिथे छोट्या बोटींना तो रंग बंद झाला. जगभरच्या जहाजांवरची बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं.

तांब्याचा रंग मात्र चालू आहे, आणि लाकडाच्या किंवा फायबरच्या बोटीला दुसरा सहज पर्यायही नाही. ॲल्युमिनियमला तो चुकूनही लावू नये, बोटच खाऊन टाकतो. तांडेल सांगतात, घाई नडते. एकदा ओल्या लाकडावर हात मारला आणि दिवाळीच्या आत पापुद्रे सुटले. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, नीट सुकू द्यायचं, फटी भरायच्या, मग रंग. खाली जिथे पाणी जास्त घासतं तिथे एक हात जादा.

आमचा तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. उद्या तिथे येणाऱ्या प्रत्येक महाकाय जहाजाचा तळही कशाने तरी माखलेला असेल. त्याबद्दल बोलायचं तर आधी आपल्या बोटीखाली पाहावं लागेल. खरवडलेला लाल भुगा उधाणाच्या भरतीबरोबर खाडीत जातो, आणि त्याच खाडीतली कालवं आमच्या घरी शिजतात.

यंदा खरवडण्याआधी खाली ताडपत्री अंथरतो, असं तांडेल म्हणालेत. मुलाने ती धरायचं कबूल केलंय. गोळा झालेला भुगा टाकायचा कुठे, ते अजून ठरलेलं नाही.