जीर्णोद्धार एका वाद्याचा

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्याला वास्तूंच्या संदर्भात परिचित आहे. जुन्या चर्चची डागडुजी निघाली, की कोणती तुळई ठेवायची, कोणती बदलायची, यावर धर्मग्रामात दोन तट पडतात. एकाला वास्तू टिकायला हवी असते, दुसऱ्याला तिचे जुनेपण. अमेरिकेत निर्माण झालेल्या पेडल स्टील गिटार या वाद्याची जुनी प्रत विकत घेणाऱ्यापुढे हाच पेच उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी त्या वाद्याचा इतिहास पाहावा लागतो.

ही गिटार छातीशी धरून वाजवीत नाहीत. चार पायांवर ठेवलेल्या अरुंद मेजासारखे तिचे रूप असते. त्यावर बहुधा दहा तारा ताणलेल्या असतात. वादक समोर बसून डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवतो आणि उजव्या हाताने तारा छेडतो. त्याचे पाय आणि गुडघेही मोकळे नसतात. खालच्या पट्ट्या पायाने दाबून व बाजूचे दांडे गुडघ्याने ढकलून तो तारांचा ताण वाजवता वाजवता बदलत असतो.

या वाद्याचे मूळ हवाई बेटांत आहे. १८८० च्या दशकात ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू या विद्यार्थ्याने गिटारच्या तारांवर धातूची वस्तू सरकवून वाजवण्याची पद्धत घडवली, असे मानले जाते. त्याच सुमारास गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक तरुण होनोलुलूत अशाच रीतीने वाजवीत असे, अशी आठवण हवाईचे संगीतकार चार्ल्स किंग यांनी सांगितली आहे. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनानंतर या संगीताचे वेड अमेरिकाभर पसरले. जॉर्ज बोशाँ यांनी १९३१ मध्ये नालेच्या आकाराच्या चुंबकाची विद्युत् गिटार तयार केली आणि पुढच्याच वर्षी ती रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून बाजारात आली. तीही मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची हवाईयन गिटारच होती.

पण सरळ कांडीला एक मर्यादा होती. ती सरकली की तिच्याखालील सर्व तारा एकदमच चढतात किंवा उतरतात. आपल्याकडे व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी याच गिटारवर चित्रपटगीतांच्या धून वाजवल्या, ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले. त्यांना ही मर्यादा जाचली नाही, कारण आपल्या संगीतात एकाच सुराची मींड पुरते. पाश्चात्त्य संगीताला मात्र अनेक स्वर एकत्र वाजणारी कॉर्ड लागते. त्या कॉर्डमधील एखादाच स्वर हलावा आणि बाकीचे स्थिर राहावेत, ही तेथील कारागिरांची आकांक्षा होती.

ती पुरी झाली पेडलमुळे. पॉल बिग्सबी यांनी बनवलेल्या गिटारवर बड आयझॅक्स यांनी वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गीतासाठी वादन केले आणि १९५४ मध्ये ते गीत गाजले. पेडल त्याआधीही होते, पण तारा निनादत असतानाच ते दाबून स्वर वाकवण्याचा हा परिणाम श्रोत्यांना नवा होता. आपल्या भाषेत सांगायचे, तर सा-ग-प अशी कॉर्ड वाजत असते. पेडल दाबताच सा जागचा हलत नाही, पण ग चढून म होतो आणि प चढून ध होतो. पुढे बडी एमन्स यांनी हे दोन बदल दोन स्वतंत्र पेडलांवर विभागले.

यानंतर प्रत्येक कारागीर आपापली यंत्रणा रचू लागला. फेंडर कंपनीने १९५७ मध्ये पोलादी दोरांनी तारा ओढणारी गिटार काढली. नॅशव्हिल परिसरात शॉट जॅक्सन आणि एमन्स यांनी ‘शो-बड’ची स्थापना केली. १९६० च्या दशकात एमन्स यांच्या स्वतःच्या कंपनीने स्वर चढवताना ओढणारी व उतरवताना ढकलणारी यंत्रणा प्रचारात आणली. ती जुळवायला किचकट, पण तिचा नाद अनेकांना अजूनही अतुलनीय वाटतो. आज दोन्ही बदल ओढूनच करणारी, बाहेरून सहज जुळवता येणारी पद्धत रूढ आहे. त्यामुळे जुनी गिटार उलटी केली, की तिच्या पोटात त्या काळाचा प्रयोग जसाच्या तसा दिसतो.

म्हणून जाणकार ग्राहक वरच्या चकाकीला भुलत नाही. तो प्रत्येक पेडल दाबून सोडतो आणि तार मूळ स्वरावर परतते का, हे ऐकतो. पेडल दाबल्यावर न ओढलेल्या ताराही उतरत असतील, तर लाकडी सांगाडा वाकतो आहे, हे तो ओळखतो. तारांखालच्या धातूच्या बोटांवर घासून खाचा पडल्या आहेत का, स्वस्त ओतीव धातूचे भाग चिरले आहेत का, पेडलांच्या सळ्या पुऱ्या आहेत का, हेही तो पाहतो. शो-बडचा कारखाना १९८० च्या दशकातच बंद पडला. अशा गिटारचा हरवलेला भाग एखाद्या छोट्या कर्मशाळेतून नव्याने घडवून घ्यावा लागतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी खालच्या बाजूची छायाचित्रे घ्यावीत, हा पहिला नियम. कोणती सळी कोणत्या छिद्रात होती, हे एकदा विसरले की गिटार कोडे होऊन बसते. पुष्कळदा रोग साधाच असतो. वर्षानुवर्षे घातलेले तेल वाळून चिकट होते आणि बोटे अडकतात. ती काढून स्वच्छ केली व हलके तेल अगदी थोडे दिले, की मुके वाद्य बोलू लागते.

खरा पेच त्यापुढचा. जुनी यंत्रणा काढून नवी बसवली, तर वादन सुलभ होते, पण त्या कारागिराचा विचार पुसला जातो. काहीच न बदलता गिटार काचेआड ठेवली, तर विचार टिकतो, पण सूर मरतो. अमेरिकेतील ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीयांच्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून स्टील गिटारच्या साथीने उपासना होते, पुढे तेथे पेडल स्टीलही आली. अशा वाद्याचे स्थान माणसांच्या मेळ्यात आहे.

तेव्हा झिजलेले बदलावे, चालणारे ठेवावे, आणि जो भाग काढला तो फेकू नये. त्याला चिठ्ठी बांधून, काय केले व का केले याची नोंद लिहून, दोन्ही गिटारच्या पेटीतच ठेवावीत. आज आपल्याला निरुपयोगी वाटलेल्या तुकड्याचा अर्थ पुढच्या दुरुस्तीकाराला कदाचित अधिक कळेल. वाद्याचा मालक हा त्याचा काही काळापुरता राखणदार असतो, एवढे लक्षात ठेवले, तर काय ठेवावे आणि काय बदलावे, हा निर्णय पुष्कळसा सोपा होतो.