फितीवरील चिठ्ठी



मुळशी तालुक्यांतील मारुंजी हें माझें गांव. शेजारींच हिंजवडी. माझ्या लहानपणीं जेथें भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज संगणकांच्या कचेऱ्या उभ्या आहेत. अशाच एका कचेरींत काम करणारा माझा जुना विद्यार्थी मध्यंतरीं घरीं आला होता. बोलतां बोलतां त्यानें एक हकीकत सांगितली. तिचा माग काढीत मीं जें वाचलें व समजून घेतलें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल: मोठ्या संगणकाच्या चुंबकीय फितीवरील चिठ्ठी, म्हणजे लेबल, चुकीची निघाली तर काय करावें? परंतु ज्यानें शाळेचें जनरल रजिस्टर एकदां तरी हाताळलें आहे, त्यास हा प्रश्न परका वाटणार नाहीं.

प्रथम ती फीत कशी होती तें पाहूं. १९५१ सालीं अमेरिकेंत युनिव्हॅक या संगणकाबरोबर धातूची फीत वापरांत आली. पुढच्याच वर्षीं आयबीएम कंपनीनें प्लास्टिकची फीत पुढें आणिली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला आणि देशांतील अनेक संस्थांचीं गणितें तेथें होऊं लागलीं. त्याच वर्षीं ७ एप्रिल रोजीं आयबीएमनें सिस्टिम ३६० ही संगणकमालिका जाहीर केली. अशा मोठ्या संगणकांना मेनफ्रेम म्हणतात. आज मला सांगावयाचें आहे तें त्या मालिकेच्या फितींविषयीं.

अर्धा इंच रुंद व २४०० फूट लांब अशी ही फीत साडेदहा इंच व्यासाच्या रिळावर गुंडाळलेली असे. एका रिळांत विमेदारांचे हप्ते, दुसऱ्यांत कामगारांचे पगार. डोळ्यांना मात्र दोन्ही रिळें सारखींच तपकिरी. रिळावर बाहेरून कागदी चिठ्ठी चिकटविलेली असे, पण ती माणसासाठीं. ती कधीं गळून पडे, कधीं भलत्याच रिळावर बसे. म्हणून यंत्रासाठीं फितीच्या आरंभींच चुंबकाच्या भाषेंत दुसरी चिठ्ठी लिहिलेली असे. तिचा प्रत्येक भाग बरोबर ८० अक्षरांचा. कारण त्या काळच्या छिद्रांच्या कार्डावर ८० रकाने असत.

पहिल्या भागांत रिळाचा सहा अक्षरी क्रमांक. पुढच्या भागांत आंतल्या दप्तराचें नांव, तें लिहिल्याची तारीख आणि कोणत्या तारखेपर्यंत तें पुसूं नये ती मुदत. मजकूर संपल्यावर शेवटच्या भागांत, मजकुराचे किती गट लिहिले त्यांची मोजणी. यंत्र प्रथम क्रमांक पाही. चुकीचें रीळ लावलें असेल तर तें परत गुंडाळून योग्य रीळ मागे. मग नांव जुळवी. नव्यानें लिहावयाचें असेल तर मुदत संपली आहे कीं नाहीं हें पाही. वाचून झाल्यावर मोजणी ताडून पाही.

ही व्यवस्था चोख दिसते. पण तिच्यांत फटी होत्या. दप्तराचें नांव ४४ अक्षरांपर्यंत असूं शके, आणि लेबलांत जागा १७ अक्षरांची. तेव्हां नांवाचीं शेवटचीं १७ अक्षरेंच तेथें राहत. हजेरीच्या पटावर केवळ आडनांवें लिहावीं, तसाच हा प्रकार. वर्गांत चार जाधव असले, तर हजेरी कोणाची लागली हें कसें कळावें?

आतां मुख्य प्रश्न. तपासणींत चूक निघाली तर यंत्रानें काय करावें? एक मार्ग असा कीं, काम तेथेंच बंद पाडावें. चुकीचे पगार वांटण्यापेक्षां तें बरें. पण महिनाअखेरच्या रात्रीं पगारच होत नाहींत. दुसरा मार्ग असा कीं, यंत्रापाशीं बसलेल्या माणसास विचारावें: “मुदत संपलेली नाहीं, तरीही हें रीळ वापरूं काय?” रात्रीं तीन वाजतां, डोळ्यांवर झोंप असतां, पुढें कामांची रांग लागली असतां, तो माणूस काय उत्तर देईल याची कल्पना आपणांस करतां येईल. आणि फितीवर एकदां नवें लिहिलें कीं जुनें परत येत नाहीं.

म्हणून तिसरा मार्ग निघाला. कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारी आज्ञावली, लिहिणाऱ्यांनीं तिच्यांत ठराविक ठिकाणीं एक फांटा काढून ठेविला. त्या फांट्यावर बसवावयाच्या छोट्या आज्ञावलीस एग्झिट रूटीन म्हणतात. मोजणी जुळली नाहीं तर काम बंद पाडण्यापूर्वीं कार्यप्रणाली अशा रूटीनला विचारी, आणि “चालूं द्या” असें उत्तर आलें तर पुढें जाई. नंतरच्या काळांत लेबलांतील विसंगतीसाठींही असाच फांटा झाला. मूळचें रूटीन रिकामें असे. “नेहमीप्रमाणें करा” एवढेंच तें सांगे. पण प्रत्येक संस्थेस तें बदलून स्वतःचें लिहितां येई. रीळ स्वीकारावें, परत करावें, कीं लेबल नव्यानें लिहावें, हा निवाडा मग तिच्या हातीं येई. परदेशीं बसलेल्या कारागिरास आपल्या दप्तराची खोड माहीत नसते. ती आपणांसच माहीत असते. शिवाय हा निवाडा दिवसाउजेडीं, शांतपणें, आगाऊ करून ठेवतां येतो.

या लेबलांची खरी कसोटी लागली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. मुदतीची तारीख लिहितांना वर्षाचे दोन आंकडे आणि वर्षांतील दिवसाचे तीन आंकडे लिहीत. १९९९ सालचा शेवटचा दिवस म्हणजे ९९३६५. हा आंकडा फार दूरचा वाटे, म्हणून “हें रीळ कधींही पुसूं नये” अशा अर्थानें तो लिहिण्याची रूढी पडली. १९९९ साल जवळ आलें तेव्हां कायमचें जपावयाचें रीळ आणि खरोखरच त्या दिवशीं मुदत संपणारें रीळ यांत भेद करणें कठीण झालें. उलट २००० सालची मुदत दोन शून्यांनीं लिहिली, तर ती शंभर वर्षांपूर्वींच संपलेली दिसावयाची! सुदैवानें मुदतीच्या रकान्यांत सहा जागा होत्या आणि पहिली जागा मोकळी सोडलेली होती. ती मोकळी असेल तर विसावें शतक, तेथें शून्य असेल तर वर्षाचा आरंभ २० नें, असें ठरलें. एका अक्षराच्या जागेनें पुढच्या शंभर वर्षांची सोय केली.

१९७८ सालीं आयबीएमनें भारतांतील आपला कारभार आवरला होता. तरी वीस वर्षांनंतर पुण्यामुंबईचे अनेक तरुण परदेशी मेनफ्रेमच्या जुन्या आज्ञावल्या दुरुस्त करण्यांत गुंतले होते. माझा विद्यार्थी त्यांतलाच एक. एका कंपनीच्या दप्तरांत त्यास एक एग्झिट रूटीन सांपडलें. कोणतीही विसंगति पुढें येवो, त्याचें उत्तर एकच: स्वीकारा. “गुरुजी,” तो म्हणाला, “रात्रीचें काम अडूं नये म्हणून कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वीं तें लिहून ठेविलें होतें. चुका होतच होत्या. फक्त त्या कोणाला दिसत नव्हत्या.”

हें ऐकून मी गप्प झालों. नोकरीच्या आरंभीं एका शाळेंत असतांना मीं एका मुलाचा दाखला लिहिला होता. रजिस्टरांतील जन्मसाल त्याच्या बरोबरीच्या मुलांशीं जुळत नव्हतें. तें माझ्या लक्षांतही आलें होतें. पण दाखल्यांची रास समोर होती. मीं तेंच साल उतरविलें आणि सही केली. पुढें पोलिसभरतीस गेला असतां तो मुलगा वय जास्त म्हणून परत आला. गांवच्या जन्मनोंदींत त्याचें साल निराळें होतें. दुरुस्ती झाली, पण ती भरती हुकली ती हुकलीच. त्या दिवशीं “स्वीकारा” हें उत्तर मींच दिलें होतें.

चुकीचा निवाडा आपल्या हातीं येणें ही सोय खरी. पण त्याबरोबर जबाबदारीही येते. जाणत्यांचा संकेत असा कीं, रूटीननें विसंगत रीळ स्वीकारलें तरी त्याची नोंद ठेवावी, म्हणजे सकाळीं कोणीतरी ती पाहूं शकेल. मीं दाखल्यासोबत मुख्याध्यापकांच्या नांवें दोन ओळींचा शेरा लिहिला असता, तरी पुरेसें होतें.

तीं मोठीं रिळें आतां वापरांतून गेलीं. त्यांच्या जागीं मुठींत मावणारे कार्ट्रिज आले. पुष्कळ ठिकाणीं तर फीतच नसते, डिस्कच फितीचें सोंग घेते. तरी मेनफ्रेमवर तीच ८० अक्षरांची चिठ्ठी अजून लिहिली जाते आणि उघडण्यापूर्वीं वाचली जाते. हिंजवडीच्या दिव्यांकडे पाहतांना मला तिची आठवण होते, आणि त्या दाखल्याचीही.