माळवदावरची माती

गेल्या महिन्यात काष्टीचं आमचं जुनं घर पाडलं. धाकट्या भावाला त्याच जागेवर नवं बांधायचंय. फोटो बऱ्याच जणांनी मागितलेत, ते टाकतोच सवडीने. पण पाडताना जे दिसलं ते आधी लिहून काढतो, नाहीतर राहूनच जाईल.

आमचं घर माळवदाचं. पणजोबांनी बांधलेलं. घडीव दगडाचं जोतं, त्यावर दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, वर फांद्यांचा थर आणि त्यावर पांढरी माती. ही माती जुन्या गावठाणातली. चिवट असते, पाणी सहजासहजी आत जाऊ देत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आजोबा दोन गाड्या पांढरी आणून माळवदावर पसरायचे आणि धुमसाने ठोकून घ्यायचे. आम्ही पोरं वर नाचायचो, तेवढीच मदत!

पाया मात्र काळ्या मातीत धरत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

आमच्याच तालुक्यात पेडगावला, भीमेकाठी, यादवकाळातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. दगडात दगड असा बसवलाय की मध्ये चुना लागलाच नाही. पुढे गढ्या-वाड्यांना चुना आला. बैल जुंपून दगडी चाकाखाली घाणीत मळलेला, मुरवलेला. पण साध्या शेतकऱ्याला ना तशी घडाई परवडायची, ना चुना. त्याच्या भिंतीत दगडांमध्ये चिखलच. म्हणजे सगळी मजबुती गवंड्याच्या हातात. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही, आणि ठराविक अंतरावर एक लांब दगड भिंतीच्या आरपार घालायचा. जाड भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक आतली, एक बाहेरची, मध्ये चिपा आणि माती. तो आरपार दगड नसेल तर दोघींची एकमेकींशी ओळखच नाही.

याचा अर्थ महाराष्ट्राला कळला तो 30 सप्टेंबर 1993 ला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची (आताचं धाराशिव) घरं आमच्यासारखीच. जाड भिंती, वर वर्षानुवर्षं चढत गेलेले मातीचे थर. भिंतींचे दोन्ही पदर सुटे झाले आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे 8,000 माणसं गेली. काही ठिकाणी लाकडी खण तसेच उभे राहिले, भिंती तेवढ्या ढासळल्या.

त्यानंतर चार-पाच रात्री आमचं अख्खं घर अंगणात झोपलं. मग आजोबा म्हणाले, "आपली भिंत दोन हाताची हाय, तिला काय व्हतंय?" आणि सगळे आत गेले. आम्ही पोरं मागच्या खोलीत. पुढच्या उन्हाळ्यात माळवदावर पुन्हा दोन गाड्या पांढरी पडली.

आता पाडताना काय दिसलं? पणजोबांच्या पुढच्या सोप्यात हात-दोन हातांवर आरपार दगड होते. गडी पहारीने घामाघूम झाले. मागची खोली आजोबांनी 72 च्या दुष्काळानंतर घाईत वाढवलेली. तिथं एकही आरपार दगड नाही. पहार घातली आणि बाहेरचा पदर सालीसारखा सुटून आला. आत नुसती चिप आणि भुसभुशीत माती. वरचा मातीचा थर मोजला तर माझ्या गुडघ्याच्या वर!

भाऊ काही बोलला नाही. मीही नाही. त्या खोलीत आम्ही सहा भावंडं झोपायचो. (काकू, वाचत असशील तर आजोबांना नावं ठेवतोय असं समजू नकोस. दुष्काळात खोली उभी केली हेच खूप होतं.)

आता नवं घर आरसीसीचं. दुकानदार सिमेंट कुठलं, सळई कुठली यावर तासभर बोलतात. पण स्लॅब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी ठेकेदार पाणी मारायचं बंद करून दुसऱ्या कामावर गेला. काँक्रीट निदान 7 दिवस ओलं राहिलं पाहिजे, उन्हाळ्यात 10 ते 14. नाहीतर वरून छान दिसतं, आत कच्चं. आम्ही आजवर भिंतीची जाडीच बघत आलो, आता सिमेंटचं नाव बघतो.

असो. सध्या आईने स्लॅबवर मातीचे वाफे बांधून पाणी साठवलंय. रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः पाइप धरून उभी असते. आणि पुढच्या सोप्यातला एक आरपार दगड आम्ही ठेवून घेतलाय. नव्या घराची पायरी त्याचीच करायची ठरलंय.