हातचा पिचर, उद्याचा पिचर

12 ऑगस्ट 1987 रोजी डेट्रॉइट टायगर्सनी अटलांटाकडून 36 वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर घेतला. बदल्यात 20 वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. मायनर लीगमध्ये तो त्या वर्षी 4 सामने जिंकून 10 हरला होता. पुढे त्याने 213 विजय मिळवले आणि 2015 साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणून हा सौदा आतबट्ट्याचा ठरवला जातो.

मला ते पटत नाही. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात 9 सामने जिंकले, एकही हरला नाही. टायगर्सनी गट जिंकला तो टोरांटोपेक्षा फक्त 2 विजय जास्त मिळवून. पुढच्या फेरीत ते मिनेसोटाकडून हरले, हे खरं. पण विशीतल्या पिचरचं भविष्य त्याच्या कोपरावर टांगलेलं असतं. खुद्द स्मोल्ट्झचा 2000 सालचा अख्खा हंगाम कोपराच्या शस्त्रक्रियेत गेला. निकाल कळल्यावर भाव ठरवणं सोपं असतं.