वर्षातून एक दिवस अख्खा देश दारासमोर दुकान मांडतो: नेदरलँड्सचा 'मोकळा बाजार' नेमका चालतो कसा?

माळ्यावर धूळ खात पडलेलं सामान प्रत्येक घरात असतं. लहान झालेले कपडे, मुलांनी टाकून दिलेली खेळणी, कधीच न वापरलेला कॉफीचा सेट. आपल्याकडे यातलं थोडं बोहारणीकडे जातं, थोडं भंगारवाल्याकडे आणि उरलेलं पुन्हा माळ्यावर. नेदरलँड्समध्ये मात्र या सामानासाठी वर्षातला एक दिवस ठरलेला आहे. त्या दिवशी डॉक्टर असो, शिक्षक असो की सात वर्षांची मुलगी, कुणीही घराबाहेर फुटपाथवर चादर अंथरतं आणि जुन्या वस्तू विकायला बसतं. परवान्यासाठी महापालिकेत खेपा घालाव्या लागत नाहीत.

हा दिवस म्हणजे २७ एप्रिल, 'कोनिंग्सदाख' म्हणजेच राजाचा दिवस. आणि त्या दिवशी रस्त्यावर भरणाऱ्या बाजाराला म्हणतात 'फ्रेईमार्क्ट', म्हणजे मोकळा बाजार.

राजाचा वाढदिवस आणि जुन्या सामानाचा संबंध काय?

गोष्ट सुरू होते १८८५ साली. ३१ ऑगस्टला राजकन्या विल्हेल्मिनाचा पाचवा वाढदिवस होता. तो 'राजकन्या दिन' म्हणून साजरा झाला. १८९० मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांची विल्हेल्मिना राणी झाली आणि पुढच्या वर्षापासून हाच दिवस 'राणीचा दिवस' झाला.

१९४८ मध्ये तिची मुलगी यूलियाना गादीवर आली. तिचा वाढदिवस ३० एप्रिलचा, म्हणून १९४९ पासून सण तिकडे सरकला. १९८० मध्ये बियाट्रिक्स राणी झाली तेव्हा खरं तर तारीख पुन्हा बदलायला हवी होती. पण तिचा वाढदिवस ३१ जानेवारीला येतो आणि त्या कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर कोण बसणार? त्यामुळे तिने आईच्या वाढदिवसाचीच तारीख कायम ठेवली.

३० एप्रिल २०१३ ला बियाट्रिक्स पायउतार झाली आणि तिचा मुलगा विलेम-अलेक्झांडर राजा झाला. त्याचा जन्म २७ एप्रिल १९६७ चा. म्हणून २०१४ पासून 'राजाचा दिवस' २७ एप्रिलला आला. २७ तारखेला रविवार असेल तर सण एक दिवस आधी, शनिवारी होतो. २०१४ आणि २०२५ मध्ये असंच झालं.

देशभर सुट्टी, रस्त्यावर गर्दी आणि वसंतातलं बरं हवामान, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की विकायला आणि विकत घ्यायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

जागा कशी मिळते?

सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्वतःच्या घरासमोरचा फुटपाथ. टेबल, खुर्ची, सगळं सामान दारातून उचलून बाहेर ठेवलं की दुकान तयार. पाऊस आला की आत न्यायलाही सोपं.

ज्यांचं घर गल्लीबोळात आहे ते वर्दळीचा रस्ता गाठतात. त्यासाठी एक जुनी पद्धत आहे. काही दिवस आधीच फुटपाथवर खडूने किंवा चिकटपट्टीने चौकोन आखायचा आणि आत लिहायचं 'बेझेट', म्हणजे 'जागा घेतलेली आहे'. एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकण्याचाच हा डच अवतार. या खुणेला कायद्याचा आधार नसतो. शेजारीपाजारी ती पाळतात, एवढंच. त्यामुळे पहाटे लवकर येऊन बसणं हाच खात्रीचा मार्ग.

वेळ प्रत्येक शहराची वेगळी. आम्सटरडाममध्ये बाजार सकाळी भरतो. उट्रेख्तमध्ये तो आदल्या दिवशी संध्याकाळीच सुरू होतो आणि रात्रभर चालतो. तिथे लोक बॅटरीच्या उजेडात जुनी पुस्तकं चाळताना दिसतात.

परवाना नाही, मग नियमही नाहीत का?

नियम आहेत आणि इथेच बरेच जण फसतात. 'मोकळा' याचा अर्थ 'काहीही चालेल' असा होत नाही. दरवर्षी प्रत्येक महापालिका आपली नियमावली जाहीर करते. कुठे बसता येईल, किती वाजेपर्यंत, खाद्यपदार्थ विकता येतील का, स्पीकर लावता येईल का, हे सगळं त्यात असतं. साधारण चित्र असं:

- काय विकायचं: घरातल्या वापरलेल्या वस्तू. दारूच्या विक्रीला मोकळ्या बाजाराची सूट लागू होत नाही.
- रस्ता मोकळा ठेवायचा: अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकेला जागा हवी. आम्सटरडामच्या मध्यभागात तर त्या दिवशी ट्रामही नेहमीसारख्या धावत नाहीत.
- मुलांची जागा मुलांनाच: आम्सटरडामचं प्रसिद्ध फोंडेलपार्क त्या दिवशी लहान मुलांच्या बाजारासाठी राखीव असतं. मोठ्यांनी तिथे दुकान मांडायचं नाही.
- उरलेलं सामान परत न्यायचं: न विकलेला सोफा रस्त्यावर टाकून निघून जाता येत नाही.

कराचं काय? वर्षातून एकदा स्वतःच्या घरातलं जुनं सामान विकणं हा धंदा मानला जात नाही, त्यामुळे सामान्य कुटुंबाला त्या कमाईची चिंता नसते. पण घाऊक बाजारातून नवा माल आणून विकणारा व्यापारी या सवलतीत बसत नाही. त्याच्यासाठी तो दिवसही व्यवसायाचाच.

विक्रीची रीत

वस्तूंवर किमतीची चिठ्ठी क्वचितच असते. भाव बोलून ठरतो आणि घासाघीस करणं उद्धटपणाचं समजलं जात नाही. सकाळी भाव चढे असतात, कारण जुन्या वस्तूंचे जाणकार आणि दुकानदार तेव्हाच फिरतात. दुपार कलली की तेच सामान निम्म्या किमतीत मिळतं. संध्याकाळी तर 'घेऊन जा' अशी पाटी लागते, कारण ओझं परत घरात नेण्यापेक्षा फुकट दिलेलं परवडतं.

पूर्वी खिशात सुटे युरो लागायचे. २०१६ मध्ये 'टिकी' हे पैसे मागण्याचं ॲप आलं आणि आता पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोडही दिसतो. तरी सुटी नाणी जवळ ठेवलेली बरी, कारण सहा वर्षांच्या दुकानदाराकडे फोन नसतो.

मुलांचा बाजार तर पाहण्यासारखा असतो. कुणी जुनी खेळणी विकतं, कुणी व्हायोलिन वाजवून समोर टोपी ठेवतं, कुणी घरी केलेला केक मांडतं. काही मुलं खेळ लावतात: दोरीला टांगलेला केक हात न लावता खा, नाहीतर पैसे देऊन कुणाच्या तरी तोंडावर अंडं फेका. पैसे मोजणं, 'नाही' ऐकणं, स्वतःचं आवडतं खेळणं दुसऱ्याच्या हातात जाताना पाहणं, हे सगळं मुलं एका दिवसात शिकतात. आणि घरमालकही मागे नसतात. गर्दीच्या रस्त्यावर घरातलं स्वच्छतागृह वापरू देण्याचे एक-दोन युरो घेणारी पाटी सर्रास दिसते.

या मोकळीकीला धोका कुणापासून?

पहिला प्रश्न जागेचा. रस्ता जेवढा गर्दीचा, तेवढी व्यापाऱ्यांची नजर त्याच्यावर. नवे गॉगल, स्वस्त टी-शर्ट आणि खाण्याच्या गाड्या आल्या की चादर टाकून बसलेलं कुटुंब मागे ढकललं जातं. मुलांसाठी वेगळं उद्यान राखून ठेवावं लागतं, यातच सगळं आलं. ज्यांना घरगुती बाजाराची खरी मजा हवी, ते मध्यवर्ती भागातली झुंबड टाळून राहत्या वस्त्यांमधल्या रस्त्यांवर फिरतात.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. ३० एप्रिल २००९ ला आपेलडोर्न शहरात राजघराण्याच्या बसच्या दिशेने एकाने भरधाव मोटार गर्दीत घातली. हल्लेखोरासह ८ जणांचा जीव गेला. त्यानंतर गर्दीच्या रस्त्यांवरचा बंदोबस्त हा या सणाचा गंभीर भाग झाला.

फ्रान्समधल्या लील शहरानेही हा पेच अनुभवला आहे. तिथे सप्टेंबरच्या सुरुवातीला 'ब्रादरी' नावाचा प्रचंड मोठा जुना बाजार भरतो. त्याची मुळं मध्ययुगीन जत्रेत आहेत. लोक जुन्या वस्तू धुंडाळतात, शिंपले आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी खातात आणि उपाहारगृहांबाहेर रिकाम्या शिंपल्यांचे ढीग रचले जातात. जुलै २०१६ मध्ये नीस शहरात गर्दीवर ट्रक घालून हल्ला झाला आणि त्या वर्षीची ब्रादरी रद्द करावी लागली. पुढच्या वर्षी ती परतली, पण कडक बंदोबस्तात.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाने नेदरलँड्सचा मोकळा बाजारही बंद पाडला. २०२० मध्ये लोकांनी 'कोनिंग्सदाख'चं गमतीने 'वोनिंग्सदाख' केलं. 'वोनिंग' म्हणजे राहतं घर. दारासमोर बसण्याचा सण त्या वर्षी दाराच्या आत साजरा झाला.

पहिल्यांदा जात असाल तर

आम्सटरडामजवळच्या आम्स्टेलवेनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. नोकरीनिमित्त नव्याने गेलेल्यांना मुलांची सायकल, पुस्तकं, भांडी अशा गोष्टी स्वस्तात मिळण्याची ही चांगली संधी असते. काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

- आपल्या शहराची त्या वर्षीची नियमावली आधी वाचा. शेजारच्या शहराचे नियम वेगळे असू शकतात.
- विजेची वस्तू घेताना ती चालते का, हे तिथेच पाहा. पावती नसते आणि विक्रेता संध्याकाळी घरी गेलेला असतो.
- विकणार असाल तर घरच्या दारापासून सुरुवात करा. शेजाऱ्यांची ओळखही होते.
- उरलेलं चांगलं सामान 'क्रिंगलोपविंकल' म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात देता येतं.

रात्री महापालिकेच्या गाड्या रस्ते झाडून काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फुटपाथ पुन्हा चालणाऱ्यांचा असतो आणि त्यावर टेबल मांडायचं तर पुन्हा परवाना लागतो. लोक एक दिवस स्वतःहून शिस्त पाळतात, म्हणून महापालिका त्या दिवशी परवान्याचा आग्रह सोडते. चादरींची जागा व्यापाऱ्यांच्या तंबूंनी घेतली, तर ही सूट द्यायला कारणच उरणार नाही.